दोन गावांचा एक स्तानोये

आमच्या लिपोवात कुणाचं लग्न ठरायचं झालं की मुलीचा बाप आधी रोसांदाच्या दारात जायचा आणि मग पाद्रीबाबांच्या. पाद्री काय, दर दहा वर्षांनी बदलणार. रोसांदा मात्र तेहेतीस वर्षं गावच्या कचेरीत जन्म-मृत्यूच्या वह्या लिहीत बसलेली. कोण कुणाचा चुलता, कुणाची आजी कुठल्या खोऱ्यातून आली, कुणाच्या घराचा संत कोणता, हे सगळं तिच्या जिभेवर. आणि जीभही अशी की दोन मोठे पुढारी तिच्या टेबलासमोर टोपी काढून उभे राहिलेले मी स्वतः पाहिलेत.

"नाव?" ती विचारायची.

"अगं रोसांदा, मी तुझा शेजारी!"

"शेजारी आहेस ते मला ठाऊक आहे. सरकारला ठाऊक नाही. नाव?"

आणि नाव बहुतेक वेळा एकच निघायचं. आमच्या गावात तीन घरांमागे एक घर स्तानोयेविच, म्हणजे स्तानोयेचे वंशज. या स्तानोयेची गोष्ट आमच्याकडे पोरं दूध पिता पिता ऐकतात. तुर्कांच्या काळात एका बाईची पाच मुलं पाळण्यातच गेली. सहावं झालं तेव्हा तिने त्याचं नाव स्तानोये ठेवलं. स्तानोये म्हणजे थांब रे बाबा, राहा. मूल जगावं म्हणून कुठे दगडू-धोंडू म्हणतात, तसंच हे. पोरगं थांबलं, चांगलं नव्वद वर्षं थांबलं, आणि त्याच्या सात मुलांपासून आम्ही सगळे झालो.

डोंगरापलीकडच्या यावोर गावातही स्तानोयेविच आहेत. त्यांच्याकडेही हीच गोष्ट सांगतात. शिवाय त्यांच्या घराचा संतही आमचाच, लुका. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी डोंगराच्या दोन्ही अंगांना त्याच्या नावाची मेणबत्ती लागते, गव्हाचा गोड नैवेद्य होतो, घरधनी दिवसभर न बसता पाहुण्यांना वाढतो. नाव एक, संत एक, म्हणजे रक्त एक. आमच्याकडे याच्यावर वाद नसतो. एका संताच्या भावकीत सोयरीक होत नाही, मग मधे दहा पिढ्या जावोत नाहीतर वीस.

रोसांदाचं स्वतःचं लग्न याच नियमावर मोडलं.

ती स्तानोयेविचांचीच लेक, तेव्हा एकवीस वर्षांची होती. प्लमच्या हंगामात यावोरहून मिलेता नावाचा पिंपं दुरुस्त करणारा कारागीर आला. आमच्याकडे प्लम आंबवायची ती मोठी लाकडी पिंपं उन्हाळाभर सुकून गळायला लागतात. मिलेता त्यांच्या फळ्या सोडवायचा, घासायचा, पुन्हा बसवून लोखंडी पट्ट्या ठोकायचा. रोसांदा त्याला दुपारी पाव आणि साय नेऊन द्यायची. पिंप नीट बसलं की नाही हे बघायला तो आत पाणी ओतायचा आणि दोघं शेजारी उकिडवी बसून कुठून गळतं ते बघत राहायची. गळत नसलेलं पिंपसुद्धा तासभर बघत बसायची. पुढच्या हंगामातही तो आला, आणि तेव्हा आमच्या घरांत एकही पिंप मोडलेलं नव्हतं.

तिच्या आजोबांनी, माक्सिमने, त्याला जेवायला बसवलं आणि पहिल्या घोटालाच विचारलं, "कुणातला तू?"

"स्तानोयेविच."

"संत कोणता?"

"लुका."

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. "मग माझ्या नातीकडे बघताना डोळे खाली ठेव. बहीण आहे ती तुझी."

झालं. कुणी ओरडलं नाही की मारामारी झाली नाही. मिलेता उठला आणि हत्यारं गोळा करून डोंगर चढून गेला. रोसांदाने आजोबांना उलटून एक शब्द विचारला नाही. जगभरच्या लोकांना सुनावणारी बाई तिथे मात्र गप्प राहिली, कारण तिलाही ते पटलं होतं. पापच होतं ते. आपण पाप करता करता वाचलो असं तिने मनाशी धरलं, आणि ते धरायला तिला फार जड गेलं.

त्या वर्षी लुकाच्या दिवशी मिलेता रोसांदाच्या घरी आला. त्या दिवशी कुणाला आमंत्रण नसतं आणि आलेल्याला परतही लावत नाहीत. दारात उभा राहून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "सण सुखाचा होवो, ताई." रोसांदाने गव्हाचं तबक पुढे केलं. त्याने चमचाभर घेतलं. मग त्याचं लग्न झालं, मुलगा झाला, तो मुलगा नोवी साद शहरात नोकरीला गेला, बायको वारली, आणि दरवर्षी मिलेता आपल्या घरची मेणबत्ती सणाला घरी आलेल्या मुलाच्या हाती देऊन संध्याकाळी तासभर तरी डोंगर उतरून यायचाच. रोसांदाने लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "कचेरीत रोज दोन लग्नं लावते, अजून किती लावू?" धाकटा भाऊ तिहोमिर, त्याचा संसार, त्याची मुलं, त्यांची मुलं, यांतच ती राहिली. भावाची नात कोसारा तर तिच्याच मांडीवर वाढली.

गेल्या सप्टेंबरात ही कोसारा नोवी सादहून घरी आली, आणि तिच्यासोबत एक उंच, लाजाळू पोरगा होता. वुकान.

तिहोमिरने राकियाचा, म्हणजे प्लमच्या दारूचा, पेला पुढे केला आणि घरचा जुना प्रश्न विचारला. "कुणातला तू, बाळा?"

"स्तानोयेविच. आजोबा यावोरला असतात. पिंपं दुरुस्त करायचे."

तिहोमिरने पेला परत टेबलावर ठेवला. कोसारा गडबडीने म्हणाली, "आजोबा, आता हे कोण बघतं? शहरात तर कुणी..."

"मी बघतो," तिहोमिर म्हणाला. "आणि अजून एक जण बघते. आत्याआजीला विचार. ती हो म्हणाली तर माझी ना नाही. ती नाही म्हणाली तर या घराची मेणबत्ती तुझ्या लग्नात लागणार नाही."

सगळे रोसांदाकडे बघायला लागले. कोसारा तर तिच्या पायाशीच बसली. "आत्याआजी, तू सांग ना."

खरं सांगायचं तर रोसांदाच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. मी सोसलं, तूही सोस, असं काहीतरी कडू तिच्या मनात आलं होतं. त्याचीच तिला लाज वाटली. ती म्हणाली, "ऐकीव गोष्टीवर मी कधी शिक्का मारलेला नाही. आधी कागद बघते."

पण कागद होते कुठे? चर्चची जुनी वही पहिल्या महायुद्धात जळालेली. राहता राहिली घराघरांतली मृतांची यादी, सणाच्या दिवशी पाद्री मोठ्याने वाचतो ती. लिपोवाची यादी रोसांदाला तोंडपाठ होती. यावोरची तिने कधी पाहिलीच नव्हती. वुकानने तिला गाडीतून नेलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, फक्त वळणावर गाडी हळू करत राहिला, आणि तेवढ्यावरून पोरगा तिला आवडला.

मिलेता अंगणात अक्रोड निवडत बसला होता. त्र्याऐंशी वर्षांचा. "ताई? आज कुठला सण?"

"सण नाही. तुमची मृतांची यादी दाखव. सगळ्यात जुनी."

त्याने संताच्या तसबिरीमागून एक मळकं चोपडं काढलं. रोसांदाने चष्मा पुसला आणि शेवटापासून मागे मागे जायला लागली. पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर, कुणीतरी चुलीच्या काजळीसारख्या शाईने लिहिलं होतं: पेत्को, त्याची मार्था, त्यांची लेक स्ताना, आणि द्रिना नदीपलीकडून आलेला घरजावई स्तानोये.

तिने ते दोनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं.

"घरजावई?" मिलेता म्हणाला. "थांब. मग ती धाकटी मेणबत्ती..."

"कुठली?"

"नोव्हेंबरात, संत जॉर्जच्या दिवशी. आई एक लहानशी लावायची. पाहुणे नाहीत, गहू नाहीत. म्हणायची, ही जावयाबरोबर आलेली. कुठला जावई ते मी कधी विचारलं नाही."

आता सांगायला काही राहिलं नव्हतं. जो घरजावई होतो तो सासऱ्याच्या घराचा संत घेतो आणि आपला जुना संत कोपऱ्यात जपतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. यावोरचा स्तानोये लुकाचा नव्हताच; त्यांच्याकडे नाव जावयाचं आणि संत सासऱ्याचा. लिपोवाचा वेगळा, यावोरचा वेगळा. त्या काळात गावोगावी पाळणे रिकामे होत होते आणि गावोगावी आया पोरांना थांब थांब म्हणत होत्या. दोन आयांचं दुःख एक होतं, रक्त नव्हतं.

"म्हणजे पोरांना हरकत नाही," मिलेता म्हणाला.

"नाही."

तो हातातला अक्रोड फिरवत राहिला. रोसांदाला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग आधी बाहेर पडला. "हे चोपडं तुझ्या घरात होतं, मिलेता. अठ्ठावन्न वर्षं तुझ्या डोक्यावरच्या भिंतीला होतं. एकदा उघडून बघितलं नाहीस?"

"तू तर कचेरीत बसायचीस. तू का नाही आलीस विचारायला?"

"मला वाटलं, विचारणंसुद्धा पाप."

"मला भीती वाटली," तो म्हणाला. "आधी वाटलं, आपण भाऊबहीण निघालो तर? मग माझं लग्न झालं, पोरगा झाला, आणि वाटायला लागलं, नाही निघालो तर? तेव्हा काय करू? म्हणून तुला ताई म्हणत राहिलो. तेवढ्या नावाने तरी तुमच्या घरात येता यायचं."

रोसांदाने चोपडं मिटलं. त्याचा हात तिने धरला आणि वुकान गाडी वळवून आणेपर्यंत सोडला नाही.

घरी सगळे टेबलाशी वाट बघत होते. कोसाराने काही खाल्लेलं नव्हतं. रोसांदाने कोट काढला, खुंटीला लावला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "भावकी नाही. दोन स्तानोये होते. त्यांचा घरजावई होता, संत सासऱ्याचा. मी स्वतः वाचलंय. लग्न करा."

कोसाराने तिच्या गळ्यात उडी मारली. तिहोमिर मात्र जागचा हलला नाही. हिशेब हळूहळू त्याच्या डोक्यात शिरत होता. "पण ताई... मग माक्सिम आजोबांनी तुला..."

"आजोबा चुकले."

"मग तू आणि मिलेता..."

कोसाराने मिठी सैल करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला आत्ताच पहिल्यांदा कळत होतं की सणाच्या दिवशी डोंगर उतरून येणारा तो म्हातारा कोण.

"लग्न हिवाळ्याआधी करा," रोसांदा म्हणाली. "पुढच्या वर्षीवर टाकू नका, मिलेता त्र्याऐंशीचा आहे. आणि टेबलाच्या वरच्या टोकाला नीट जागा करा. नवऱ्याकडचा थोरला तो, नवरीकडची थोरली मी. लग्नात आम्ही दोघं शेजारी शेजारी बसणार आहोत."