गुणी नाडी

एका भल्या माणसाला त्याच्या आजाराची बातमी मी पेढे वाटावेत अशा थाटात दिली होती. नातवंडं हल्ली मला शहाणी आजी समजतात, तेव्हा हे एकदा सांगून टाकलेलं बरं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तळोज्याला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. तिशीचं वय, बी.एस्सी.चा तोरा, कडक इस्त्रीचा पांढरा कोट आणि अक्कल बेताची. आमचे साहेब म्हणजे प्रधान सर. उंदरांना एक विषारी औषध टोचून पार्किन्सन, म्हणजे कंपवात, आणायचा आणि त्यात हृदयाचं काय होतं ते पाहायचं, हे त्यांचं काम. बाकीचे उंदरांची चाल बघत. सर आधी छातीला बोट लावत. "पाय बोंबलून सांगतात," म्हणायचे. "छाती मुकी असते, बाई. तिला विचारावं लागतं."

ते औषध कालवायला मात्र त्यांनी आम्हाला कधी हात लावू दिला नाही. "तुमची पोरं लहान आहेत. मी काय, जुनं भांडं." असं म्हणून तोंडाला फडकं बांधायचे आणि आतून दार लावून घ्यायचे.

वारा फिरला की कारखान्यांच्या वासाने आम्ही पदर नाकाला लावायचो. सर उघड्या खिडकीशी बसून निवांत डबा खायचे. "कसला वास?" असं आम्हालाच विचारायचे. आमचे सर म्हणजे ऋषी, असं मी आमच्या नावडे कॉलनीत घरोघरी सांगत फिरले.

औषध टोचलेले काही उंदीर उचलले तरी त्यांची धडधड वाढत नसे. एवढा भित्रा प्राणी, पण कार्डिओग्रामवर ठोके कसे पट्टीने मोजून आखल्यासारखे. मी त्यांची पाठ थोपटायचे, "गुणी गं माझं बाळ." सरांनी एकदा ऐकलं. "गुणी नाही, बाई. हृदयाकडे जाणाऱ्या नसा मेल्यात त्याच्या. तो घाबरलाय, पण निरोपच पोचत नाही." मी मान डोलावली. त्यात मी पटाईत होते.

एका दुपारी डबे खाऊन झाल्यावर मला सगळ्यांच्या नाड्या बघायची हुक्की आली. आधी बसवून, मग उभं करून. उभं राहिलं की प्रत्येकाची नाडी जरा धावायची. हिशेबनीस कुलकर्ण्यांना तर मी म्हटलं, "तुमची पनवेलला पोचली हो." सरांनीही हसत हात पुढे केला. मग टेबलाची कड धरून सावकाश उठले. ती त्यांची नेहमीची सवय. "उठलं की जग जरा मागून येतं," म्हणायचे आणि आम्ही हसायचो. नाडी जशीच्या तशी होती.

मी टाळी वाजवली. "बघा रे, याला म्हणतात शांत मन. सर, तुमची नाडी एकदम गुणी."

सगळे हसले. सर माझ्या बोटांकडे बघत राहिले. "पुन्हा बघा, बाई."

मी बसवून, उठवून पुन्हा बघितली.

"पुन्हा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांचा हात अगदी स्थिर होता. पण टेबलाची कड, न येणारा वास आणि ही न हलणारी नाडी, सगळं त्या उंदरांच्याच आजाराचं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी औषधाच्या खोलीला कुलूप घातलं. "आता हे कुणीच कालवायचं नाही." त्या औषधानेच घात केला की आणखी कशाने, हे कधीच कळलं नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत चहा बशीत सांडू लागला. सरांनी नोकरी सोडली. आणि काही वर्षांनी जेवून उठता उठता पडले, ते पुन्हा उठलेच नाहीत. भेटायला आलेले म्हणत होते, "हात कापायचा, एवढंच होतं हो, बाकी धडधाकट." मी पदराशी चाळा करत बसले.

नोकरी सोडून ते निघाले त्या दिवशी मी माफी मागायला गेले होते. वाक्यं घोकून गेले आणि दारातच विसरले. एका हाताने दुसरा हात दाबून धरत सर म्हणाले, "माफी कसली? हात थरथरला की लोक पाणी घेऊन धावतात आणि छाती गप्प बसली की शाबासकी देतात. तुमच्यामुळे मला वर्षभर आधी कळलं. फक्त एक करा, बाई. उरलेल्या उंदरांची पाठ थोपटू नका."