डावा गाल पास

आमच्या साडूंना बसलेलं पाहिलेला माणूस सोलापुरात शोधून सापडायचा नाही, असं मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे केम गावचे, आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर मागांच्या रांगांमधून फिरायचं हे त्यांचं कामच आहे, पण घरी आल्यावरही पाय थांबत नाहीत त्याला काय म्हणायचं? चहा अंगणात येरझारा घालत पितात. लग्नात पंगत बसली की हे वाढायला घेतात आणि स्वतःचं जेवण पातेल्यापाशी उभ्याउभ्या उरकतात. केमहून रेल्वेने येताना अख्खा बाक रिकामा असला तरी हे दारात. एकदा दाढी करताना अर्धा फेस तोंडावर असताना उठले आणि न्हाव्याचा करकरणारा पंखा दुरुस्त करायला लागले. तेव्हापासून तो न्हावी त्यांची दाढी उभ्यानेच करतो. मी पडलो मास्तर. शाळेतून आलो की मला खुर्ची लागते, आणि समोर कुणी फेऱ्या मारू लागलं की डोकं फिरतं. त्यामुळे या माणसावर मी आयुष्यभर मान वळवत वळवत प्रेम केलेलं आहे.

असा हा गृहस्थ त्रेपन्नाव्या वर्षी कोरियन पद्धतीने चेहऱ्याची निगा राखायला लागला. "आदी फेसवॉश, मग टोनर, मग इसेन्स, मग सिरम, मग क्रीम, आन् सकाळच्याला वरनं सनस्क्रीन," असं त्यांनी मला पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवलं. "पातळ आदी, घट्ट मागनं. भिंतीला रंग देतानाबी प्रायमर आदीच असतो की, गुरुजी." प्रत्येक थरानंतर दोन मिनिटं थांबायचं असतं. आता थांबणं साडूंना कुठलं जमायला? ते ओल्या तोंडाने फाटकापर्यंत जाऊन यायचे. सहा थर म्हणजे सहा खेपा. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी त्यांना पाहून रोज विचारायच्या, काही हरवलंय का म्हणून. सनस्क्रीन ते दोन बोटं भरून थापायचे आणि तसेच मोटरसायकलवर निघायचे. कारखान्याच्या दारात एका कामगाराने विचारलं, "साहेब, गिरणीत दळण टाकून आला काय?" साडूंनी त्याला तिथेच धरून त्याच्याही नाकाला बोटभर सनस्क्रीन लावलं. सोलापूरचं ऊन काय साहेब बघत नाही की कामगार बघत नाही, असं त्यांचं म्हणणं.

लोक हसायचे. मीही हसायचो, आणि कारण माहीत असूनही हसायचो याची मला आता लाज वाटते.

कारण होती अश्विनी, त्यांची एकुलती एक लेक, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिच्या गालांवर पुटकुळ्या यायच्या, त्या वयात येतात तशा. कुणीतरी साडूंना एका क्रीमचं नाव सांगितलं, आणि हे मेडिकलमधून ती नळी घेऊन आले. महिनाभर चेहरा आरशासारखा झाला. पुढे नळी संपली आणि सगळा चेहरा लाल होऊन भाजल्यासारखा सुजला. त्वचेच्या डॉक्टरबाईंनी नळी पाहून कपाळाला हात लावला. त्यात स्टिरॉइड होतं. बरं होईल, पण महिने जातील, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून अश्विनीने कॉलेजला जाणं सोडलं आणि स्कार्फ धरला. गाडीवर पोरी बांधतात ना, फक्त डोळे उघडे ठेवून, तसा स्कार्फ ती घरात बांधून बसायची. मी सख्ख्या मावशीचा नवरा, पण माझ्यासमोरही सोडायची नाही. परीक्षेला दारात स्कार्फ सोडायला लावून ओळखपत्रावरच्या फोटोशी चेहरा जुळवतात. "तिथे सगळ्यांसमोर मी स्कार्फ काढणार नाही. वर्ष गेलं तर गेलं," असं तिने आईला सांगून टाकलं होतं. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती.

कोरियन प्रकरण तिनेच मोबाइलवर पाहिलं होतं. डॉक्टरबाईंनी त्यातल्या सौम्य चार-सहा वस्तूंना परवानगी दिली. पण कुठलीही बाटली घरात आली की साडू ती आधी स्वतःच्या डाव्या गालाला चार दिवस लावायचे, उजवा गाल कोरा ठेवून. पाचव्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे, "डावा गाल पास." मगच बाटली लेकीच्या हातात. मी एकदा म्हणालो, "अहो दादा, डॉक्टरांनी पास केलंय ना? आणि तुमची कातडी कुठे, तिची कुठे!"

ते माझ्या स्कूटरभोवती फेऱ्या मारत होते. न थांबताच म्हणाले, "कारखान्यात एक टावेल धुऊन रंग सुटतो का बघितल्याबिगर मी लॉट सोडत न्हाय. तीस वर्सं झाली. आन् ती नळी मी घरात आणली, तशीच पोरीच्या हातात दिली, गुरुजी. आदी माज्या तोंडाला का न्हाय लावली?" मी उगाच स्कूटरचा आरसा पुसत राहिलो.

खरी पंचाईत झाली मास्कची. तो ओला कागद चेहऱ्यावर ठेवून वीस मिनिटं निवांत बसायचं असतं. अश्विनी म्हणाली, मी एकटी भुतासारखी बसणार नाही. म्हणून संध्याकाळी सात वाजता बापलेक समोरासमोर खुर्च्या टाकून बसायला लागले. पहिल्या दिवशी साडू चार मिनिटं बसले. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी आठवड्यातून कधी येईल ते येतं, तेव्हा हे मास्कसकट मोटर लावायला धावले आणि समोरच्या आजींनी देवाचं नाव घेत दार लावून घेतलं. मास्क रोज गळून पडायचा, कधी अंगणात, एकदा आमटीत. शेवटी त्यांनी स्वतःच मास्क बनवला. कारखान्यातल्या नव्या लॉटमधला पातळ नॅपकिन घेतला, चांगला मरून रंगाचा, डोळ्यांना-नाकाला भोकं पाडली, कानामागे बांधायला नाड्या शिवल्या. दोन बनवले, एक स्वतःला, एक तिला.

मी त्या दिवशी तिथेच चहा घेत होतो. कोमट तांदळाच्या धुवणात नॅपकिन भिजवून त्यांनी तोंडावर बांधला. "रंग सुटत नाही ना बघितलं का?" मी विचारलं. ते दुखावले. "आमच्या कारखान्याचा माल हाय. त्येची कसली टेस्ट?" जगातली प्रत्येक बाटली तपासणाऱ्या माणसाने आपला घरचा माल तेवढा तपासला नव्हता. पण नियमाप्रमाणे लेकीला थांबायला सांगितलं, आधी आपला नंबर. आणि आपल्या मालाची अब्रू राखायला म्हणून की काय, त्या दिवशी ते पूर्ण वीस मिनिटं बसले. गुडघा हलत होता, पण बसले.

नॅपकिन उतरवला तर कपाळापासून हनुवटीपर्यंत मरून. डोळ्यांभोवती तेवढी गोरी वर्तुळं. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नाही. "तेज आलं का?" असं गंभीरपणे विचारलं.

अश्विनी आधी खोकली असं मला वाटलं. मग ती खुर्चीतच वाकली. हसता हसता श्वास कोंडायला लागला तेव्हा तिने स्कार्फ ओढून काढला आणि त्यानेच डोळे पुसायला लागली. आठ महिन्यांनी मी माझ्या भाचीचा चेहरा पाहत होतो. लाल डाग होते अजून, पण पोर आमचीच होती. ताई, म्हणजे तिची आई, स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभ्या राहिल्या. साडूंनी आरशात पाहिलं, शांतपणे कॅलेंडरपाशी गेले आणि लिहिलं, "माल नापास." दुसऱ्या दिवशी तसंच मरून तोंड घेऊन कारखान्यात गेले आणि तो अख्खा लॉट परत धुवायला लावला.

अश्विनी परीक्षेला बसली. दारात स्कार्फ सोडला, डाग तसेच होते तरी सोडला. साडू बाहेर तीन तास रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, आणि त्यांच्याबरोबर नाइलाजाने मी.

ती आता पुण्याला एका लॅबमध्ये नोकरी करते. चेहरा निवळला. फोन येतो, पण रोज नाही.

परवा सातच्या सुमारास मी गेलो तर साडू खुर्चीत. तोंडावर तो धुऊन धुऊन गुलाबी पडलेला नॅपकिन, समोर रिकामी खुर्ची. गुडघा हलत नव्हता. हा माणूस असा स्वस्थ बसलेला पाहून माझंच मन थाऱ्यावर राहिना. दुसरा नॅपकिन, तिच्यासाठी शिवलेला, शेजारी बादलीत भिजत होता. तो ते दर रविवारी धुतात, असं ताई म्हणाल्या.

"पाठवायचा हाय तिला," नॅपकिनच्या आतून साडू म्हणाले. "पर अजून जरा रंग सुटतोय."

मी बादलीत वाकून पाहिलं. पाणी नितळ होतं, तळ दिसत होता.

"दादा, पास करा आता," मी म्हणालो.

त्यांनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. "अजून एक डाव धुतो," असं म्हणाले, आणि जागचे उठले नाहीत.