दोन डाव्या बाह्या

तिचं खरं नाव हजेरीपुरतं. एरवी साऱ्या कारखान्यात ती कात्रीबाई. धार कात्रीला जास्त की जिभेला, यावर शिवणविभागात एकमत नव्हतं; पण दोन्हींच्या तावडीत सापडलेला माणूस सरळ होऊनच सुटतो, यावर होतं. कारखान्यात गणवेश शिवले जात. कापडाचे थर एकावर एक लावायचे, वर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूने आखायचं आणि विजेच्या सुरीने सगळे थर एकदम कापायचे, हे तिचं काम. शिवण चुकली तर उसवता येते. कापलेलं कापड पुन्हा जुळत नाही. म्हणून तिच्या टेबलापाशी मालकसुद्धा आवाज खाली ठेवून बोलायचा.

काही वर्षांपूर्वी तिचा एक डोळा अचानक धुरकटला, मग एक पाय जड झाला. डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणून सांगितलं. म्हणजे शरीराची राखण करणारी फौजच घरभेदी होते आणि मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण कुरतडते. कुरतडलेल्या जागी डाग पडतात. घरात रडारड झाली. हिने मात्र मालकाकडून एक उंच स्टूल मागून घेतलं आणि कामाला लागली. औषधं लागू पडली, नवे डाग थांबले. "डाग मेंदूत आहेत, डोक्यात नाहीत," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगायची. हसत सांगायची, पण तिचा सगळा जीव त्या एका वाक्यात होता. पायाला स्टूल आहे, एक डोळा गेला तर दुसरा आहे. डोकं शाबूत आहे तोवर टेबल तिचं, आणि टेबल नसेल तर आपण कोण, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

या खेपेला डॉक्टरबाईंनी एक जादा तपासणी केली. नेहमीच्याच धडधडत्या यंत्रात झोपायचं होतं, फक्त जरा जास्त वेळ.

"नवा डाग एकही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मी सांगत होतेच!"

"पण या वेळी मेंदूत रक्त कुठे किती पोहोचतं, तेही पाहिलं. ते कमी पोहोचतंय. डागांपाशी तर आहेच, पण जो भाग चांगला दिसतो ना, तिथेही."

"नळ तुंबलाय की काय?"

"तुंबलेलं काही नाही. थकलेल्या पेशी रक्त कमी मागतात, की रक्त कमी मिळतं म्हणून पेशी थकतात, हे आम्हालाही नीट कळलेलं नाही. त्यावर वेगळं औषधही नाही. काही जणांना थकवा येतो, काहींचा विचार मंदावतो, काहींना काहीच होत नाही. तुम्हाला कामात काही फरक जाणवतो?"

"तिळभर नाही," ती छातीठोकपणे म्हणाली. तिच्या मते ते शंभर टक्के खरं होतं.

डॉक्टरबाईंनी शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. "आणि घरी?"

नवरा शाळेची बस चालवायचा. सिग्नलला बस थांबली तरी शेजारच्या गाडीवाल्याशी गप्पा मारणारा माणूस. तो हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसला. "ठीक आहे सगळं," एवढंच म्हणाला.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हापासून. ती बसल्या बसल्या पाढे उलटे म्हणून बघायची. ते बिनचूक यायचे. मग जरा बरं वाटायचं, आणि तेवढ्यात दुसरं काहीतरी खटकायचं. ती शिवणविभागातून गेली की बोलणं थांबायचं. बाह्या जोडणारी बाई कापायच्या आधी कारण नसताना टेबलापाशी येऊन उभी राहायची, हा साचा उचल, तो सरकव, करायची. "माझ्या टेबलावर तुझं काय सांडलंय?" असं म्हणून कात्रीबाई तिला हाकलायची. ती हसायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

त्या कारखान्यात सगळे थर एकाच तोंडाने, म्हणजे कापडाची चांगली बाजू वर ठेवून, लावायची पद्धत होती. म्हणून बाहीचा साचा एकदा सुलटा ठेवून आखायचा आणि एकदा पालथा, म्हणजे डावी आणि उजवी दोन्ही मिळतात. नव्या मुलीला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि बहुतेकींना ते कात्रीबाईनेच शिकवलं होतं.

त्या दिवशी बाह्या जोडणारी सासूला दवाखान्यात नेऊन दुपारी उशिरा आली. कापड कापून झालं होतं. तिने गठ्ठा सोडला आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, या सगळ्या डाव्या आहेत."

"काहीतरीच काय!" कात्रीबाईने दोन बाह्या ओढून घेतल्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. छान जोडी होती. तिने त्या फिरवून पाहिल्या, स्वतःच्या हातांना लावून पाहिल्या. तरी जोडीच. आजूबाजूची यंत्रं एकेक करून थांबत गेली. सगळ्या बायका बघत होत्या, आणि एकीच्याही तोंडावर हसू नव्हतं. तिला तेव्हा खरी भीती वाटली.

"राहू दे ताई, मी बघते. दर वेळी बघतेच की," बाह्या जोडणारी पुटपुटली आणि तिने जीभ चावली.

"दर वेळी म्हणजे?"

"तुम्ही पालथा ठेवायला विसरता. मी ठेवते. आज मला उशीर झाला."

संध्याकाळी नवरा न्यायला आला तेव्हा कारखाना रिकामा झाला होता. ती स्टुलावर बसून होती, पुढ्यात त्या दोन बाह्या.

"अहो, बघा जरा. जोडी आहे ना?"

ज्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही, अशा त्या माणसाने एक नजर टाकली आणि तो हसला. "दोन्ही एकाच हाताच्या आहेत की!" मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हसू तोंडातच राहिलं.

"मला जोडी दिसतेय," ती म्हणाली. "अजूनही दिसतेय. दवाखान्यात तुम्ही गप्प का बसलात?"

"तू एवढ्या जोरात नाही म्हणालीस. मला धीर झाला नाही."

"म्हणजे घरीही माझं चुकतंय."

त्याने मान हलवली.

तिने त्याला जवळचं दुसरं स्टूल दाखवलं. "बसा. मला कळत नाही म्हटल्यावर तुम्हीच सांगायला हवं. काही लपवू नका. पहिल्यापासून सांगा."

तो बसला. सुरुवातीला अडखळला, मग बोलायला लागला, आणि ती वाट बघत राहिली की आता संपेल, आता संपेल. पण तो बोलतच होता.