खेळणीवाल्या चाचांचं सहावं बदक

पुठ्ठ्याच्या खोक्याचा इतका मनापासून तिरस्कार करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसावा. नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले खेळणीवाले चाचा माल आला की आधी खोकी फोडतात, ती रद्दीत देतात आणि खेळणी उघडी मांडतात. भेट द्यायची म्हणून एकाने खोकं मागितलं, तर म्हणाले, "मियाँ, पोराला खेळणं देऊन राहिलात का दफन करून राहिलात?" गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पोरांचं रडणं राहतं. अर्धापूरचं श्वास कोंडून रडणारं, वजिराबादचं आधी आईकडे बघून मग रडणारं. मी लहानपणी रस्त्यात लोळायचो. पुढे मी वर्तमानपत्रात लागलो, तेव्हा चाचांनी माझ्या संपादकांनाही माझी ओळख तशीच करून दिली.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीचं पत्र आलं. अंघोळीच्या पाण्यात सोडायच्या पिवळ्या बदकाच्या खोक्यावर धोक्याची सूचना छापायची राहिली होती. पोटातली शिट्टी सुटून घशात अडकू शकते, तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. सगळा माल खोक्यासकट परत मागवला होता. मी पत्र वाचून दाखवत होतो. चाचा आधी हसले. "खोकीच न्हाईत, तर काय परत करू?" मग शिट्टीचं वाक्य त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सहा बदकं विकली गेली होती. रडण्याच्या खुणांवर त्यांनी दोन दिवसांत पाच शोधून आणली. सहावं बिलोलीच्या एका आजीने नेलं होतं. "पोराला दात येऊन राहिले होते," चाचा म्हणाले. "माझं बोट तोंडातून सोडत नव्हतं."

दुसऱ्या सकाळी आम्ही एसटीने बिलोली गाठली. चाचा दिसेल त्याला विचारत होते, "दात येऊन राहिलेलं, रडताना कान ओढणारं पोर कुणाचं?" लोक हसत होते. पिठाच्या गिरणीवाल्याने मात्र लगेच घर दाखवलं.

अंगणात टबात पोर बसलं होतं, बदक तोंडात. चाचा धावले आणि बदक ओढून उलटं केलं. पोटाला नुसतं भोक. शिट्टी नव्हती. चाचांनी पोराच्या तोंडात बोट घालून चाचपलं.

"आजी, ह्याची शिट्टी कुठं हाय?"

"ती व्हय? पयल्याच दिशी उपटून उकिरड्यावर फेकली. लई डोकं उठवायची. असली खेळणी इकतंय तरी कोण मेलं?"

"मीच," चाचा म्हणाले. इतक्या आनंदाने शिवी खाणारा माणूस मी पाहिलेला नाही.

बदक गेलं तसं पोराने कान ओढून सूर लावला. आजीने पाण्यात रिकामा मग सोडला. पोर गप्प झालं आणि तो मग पाण्यात बुडवू लागलं, वर आला की पुन्हा बुडवू लागलं. चाचा टबाजवळ उकिडवे बसून होते, सदरा भिजला तरी उठेनात. मी दोनदा बसची आठवण करून दिली.

"माझी चार पोरं मोठी झाली," ते पोरावरची नजर न काढता म्हणाले. "त्या वक्ताला मी दुकानात असायचो. पोर पाण्यात कसं खेळतं, कधी बघितलंच न्हाई. जाऊ दे ती बस. दुसरी येईल."