माझ्या पेशी, तिचं आतडं

काचेपलीकडे सुमी पुन्हा उठली. एका हाताने सलाइनचा स्टँड ढकलत होती, दुसऱ्याने पोट धरलं होतं. जुलाब थांबतच नाहीत. मऊ भाताचे दोन घासही टिकत नाहीत. बहिणीला बोन मॅरो मी दिला तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. आता डॉक्टर म्हणतात, दात्याच्या पेशी तिच्या आतड्याला परकं समजून हल्ला करताहेत. म्हणजे माझ्याच पेशी! त्यांना दटावायचं कसं? चिडायचं तरी कुणावर?

ती संडासातून परतल्यावर मी काचेबाहेरून फोनवर म्हणालो, "सुमे, माफ कर गं."

"दादा, तू लहानपणीही मला धड जेवू द्यायचा नाहीस," ती हसली आणि फोन टाकून घाईघाईने पुन्हा आत गेली.

मी बाहेर ठणठणीत उभा होतो. आणि मला, लाज वाटावी इतकी, भूक लागली होती.