जहाजाची वेळ

माझ्या मुलाने तिकीट काढून दिलेल्या क्रूझची माहितीसभा शनिवार पेठेत होती. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंच्या मनगटावर दोन घड्याळं होती. त्यातलं मोठं, पुरुषी घड्याळ वेळ चुकीची दाखवत होतं.

"बंदरावर उतरलात तरी घड्याळ जहाजाच्याच वेळेवर ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि पर्समध्ये पासपोर्ट, चिवडा. आमच्या ह्यांनी घड्याळ तिथल्या गावाच्या वेळेला लावलं, जहाजाच्या तासभर मागे. जन्मात कधी उशीर न केलेला माणूस, पण धक्क्यावर आलो तर जहाज गेलेलं."

"मग?"

"पुढच्या बंदराची गाडी दुसऱ्या दिवशी. तोवर बाकावर बसून चिवडा खाल्ला, गप्पा मारल्या."

त्यांनी मोठ्या घड्याळाला हलकेच किल्ली दिली.

"हे गेले, पण घड्याळ मी त्या गावाच्याच वेळेवर ठेवलंय. तिथेच काय ते माझ्यापाशी निवांत बसले होते."