काळ्या खिडकीतलं पुस्तक

"थांब गो, एवढं पान होऊ दे," असं म्हणत दादा करंगळीने एंटर दाबायचे. यार्डात आग लागली तरी आधी पान. उरणच्या कंटेनर यार्डात माझं टेबल त्यांच्या शेजारी, त्यामुळे हे वाक्य मी दिवसभर ऐकायचे.

त्यांचा संगणक तुम्ही पाहिला असता तर तुम्हीही साहेबांसारखेच फसला असता. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, चित्र नाही की रंग नाही. साहेबांना वाटायचं, केवढं काम करतो हा माणूस. चाललेली असायची कादंबरी. पुस्तकं वाचायचा एक लहानसा प्रोग्रॅम कुणीतरी नेटवर फुकट ठेवला होता. बंद करून पुन्हा उघडला की सोडलेल्या ओळीवरच येऊन थांबायचा.

त्यात मराठी मात्र धड दिसत नसे. अक्षर एकीकडे, मात्रा भलतीकडे. प्रोग्रॅमची आतली सगळी मांडणी उघडी होती, कुणीही हात घालावा अशी. दादांनी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती दुरुस्त केली आणि ज्याचा प्रोग्रॅम त्याला पाठवूनही दिली. कुठल्याशा देशातून आभाराच्या दोन ओळी आल्या, तर यांनी अख्ख्या ऑफिसला वडापाव वाटला.

"पोरगं झालं काय दादा?" गेटवरच्या वॉचमनने विचारलं.

"तसंच समज."

मी म्हणायचे, मोबाईलवर वाचा ना, चारचौघांसारखं. तर म्हणाले, "पांढरं पान खुपतं गो डोळ्यांना." हळूहळू काळ्या खिडकीतली अक्षरं मोठी होत गेली. ओळीत चार शब्द मावायचे, मग दोनच. शेवटी एकदा मी खनपटीलाच बसले, तेव्हा कबूल केलं. साखरेने डोळ्यांचा आतला पडदा गेला होता, सुधारणार नव्हता. "कुणाला बोलू नको. नोकरी जाईल." मी गप्प बसले, पण जीव थाऱ्यावर नसायचा.

यार्डाचं गेटपासचं कामही तशाच काळ्या खिडकीत चाले. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी. पुस्तकात एंटर म्हणजे पुढचं पान, गेटपासमध्ये एंटर म्हणजे गाडी सोडा. एका दुपारी दादांचं पान संपलं, करंगळी दबली ती गेटपासच्या खिडकीत, आणि कस्टमने अडवलेला कंटेनर ट्रेलरवरून फाटकाबाहेर पडला. जासईच्या पुढून तो परत आणावा लागला.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "वाचत होतात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाले, "व्हय साहेब. कादंबरी. फार रंगली होती."

दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असं सांगितलं त्यांना.

फाटकाबाहेर मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, डोळ्यांचं सांगितलं असतं तर दया केली असती साहेबांनी.

"तीच तर नको," दादा म्हणाले. "आंधळा म्हणून काढण्यापेक्षा वाचायच्या नादाने गेला म्हणू दे."

हट्टी माणूस. मला त्यांचं तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्या दिवशी घरी जाऊन मी रडले.

परवा रविवारी त्यांच्याकडे गेले होते. दादा ओटीवर खुर्चीत बसलेले, मांडीवर लॅपटॉप. अक्षर एवढं मोठं केलेलं, की एकच शब्द पडदाभर पसरलेला. तोही दिसत नव्हता. "तू वाच," म्हणाले. मी अक्षरं लहान केली आणि कादंबरी थांबली होती तिथून वाचायला लागले. पान संपत आलं की त्यांची करंगळी खुर्चीच्या हातावर दबायची. कसं कळायचं कोण जाणे.

वहिनी डोळ्यांत घालायचं औषध घेऊन बाहेर आल्या.

"थांब गो, एवढं पान होऊ दे," दादा म्हणाले.

पान नुकतंच संपलं होतं. मी आवाज न करता एंटर दाबलं आणि त्याच सुरात पुढचं वाचत राहिले.